डोळा तर स्वच्छ दिसतोय!

२०२२ च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या तासगावात एप्रिल-मे म्हणजे वर्षाच्या बेगमीचे दिवस. गच्चीवर एकीकडे कुरडया, दुसरीकडे मिरच्या आणि मधोमध जुन्या लुगड्यावर पसरलेला गहू. दोन दिवस गव्हाला ऊन दाखवलं, चाळला, कडुलिंबाचा पाला तयार ठेवला. आता तो खाली आणून कोठीत भरायचा एवढंच राहिलं होतं.

आमचे हे दुकानात, मुलगा कामावर. सुनेला पाचवा महिना, तिला काही उचलू देणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी मुलगा येईपर्यंत थांबायला काही हरकत नव्हती. पण आपल्याला कुठे धीर असतो? वळवाचे ढग दिसायला लागले होते. पोत्यात साधारण तीस किलो गहू असेल. पदर खोचला, श्वास रोखला, ओठ आवळले आणि जोर लावून पोतं कमरेवर घेतलं. जिना उतरले, कोठीजवळ ठेवलं. छाती धडधडत होती, बाकी काही नाही. उलट स्वतःचं कौतुकच वाटलं, की बावन्नाव्या वर्षीही आपण काही कमी नाही!

तासाभराने चहा घेताना डाव्या डोळ्यासमोर एक काळा धागा तरंगताना दिसला. कोळीष्टक असेल म्हणून मी हाताने झटकलं. ते हललं, पण गेलं नाही. नजर जाईल तिकडे माझ्याबरोबर तेही फिरायचं. थोड्या वेळात धाग्याचे चार धागे झाले, मग चुलीवरची काजळी उडावी तसे बारीक ठिपके. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावलं तर त्या डोळ्याला ज्योतीच्या जागी नुसता तांबूस डाग दिसला.

दुखत नव्हतं, टोचत नव्हतं, पाणीही येत नव्हतं. दिवसभर उन्हात होते, उष्णता झाली असेल, असं मनाशी म्हटलं. गार पाण्याने डोळे धुतले आणि कुणाला काही न सांगता झोपले.

सकाळी उठले तर डाव्या डोळ्यापुढे अंधार. खिडकीच्या बाजूला थोडा उजेड जाणवत होता, बस्स. उजवा डोळा झाकला की समोर उभं माणूस दिसेना.

चार दिवस कुठे गेले?

घरात सांगितलं. ह्यांनी खिडकीशी नेऊन पापणी वर करून पाहिलं. "डोळा तर स्वच्छ दिसतोय की! लाल नाही, सुजलेला नाही." मुलानेही मोबाइलच्या उजेडात पाहिलं आणि तेच म्हणाला. जाऊबाई आल्या. "अगं, ऊन लागलंय तुला. मध घाल दोन थेंब," म्हणाल्या. मध घातला. नुसती आग झाली. औषधाच्या दुकानातून थेंब आणले, तेही घातले. तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने यंत्रापुढे बसवलं, त्या डोळ्याचा नंबरच येईना. "मोतीबिंदू पिकला असेल काकू, सावकाश दाखवा," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? डोळ्याच्या आतला पडदा तपासणं हे त्याचं काम नव्हे.

आणि खरं सांगू का, मलाही ते "सावकाश" बरंच वाटलं. लग्नसराई होती. मी ब्लाउज शिवते. अठरा ब्लाउज कापून ठेवलेले होते आणि त्यांच्या तारखा दिलेल्या होत्या. एका डोळ्याने शिलाई मारत बसले. दोनदा सुई बोटावर आली, तेही कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सुनेने मला समोर बसवलं. माझा उजवा डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला आणि विचारलं, "आई, बोटं किती?"

"तीन," मी अंदाजाने म्हटलं.

ती काही बोलली नाही. तिने बोटं दाखवलीच नव्हती, हात मांडीवर होता. मग उठली आणि म्हणाली, "आई, आत्ता निघायचं. ब्लाउजचं मी बघते." तासाभरात आम्ही मिरजेच्या वाटेला होतो.

निमित्त पोतं, कारण वेगळंच

मिरजेला डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. आधी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. मग डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून कितीतरी वेळ पाहिलं. डाव्या डोळ्यात आतलं काही दिसतच नव्हतं म्हणून पापणीवरून सोनोग्राफी केली. सोनोग्राफी पोटाचीच असते असं मला वाटायचं.

"मावशी, डोळ्याच्या आत रक्तस्राव झालाय," त्या म्हणाल्या. "काही जड उचललं होतंत का? जोराचा खोकला, उलट्या, शौचाला कुंथावं लागणं?"

मी पोत्याचं सांगितलं. ह्यांनी लगेच माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

पण डॉक्टरांचा पुढचा प्रश्न पोत्याबद्दल नव्हता. "शुगर किती वर्षं आहे?"

"अकरा."

"आणि डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासलात?"

मी गप्प. अकरा वर्षांत एकदाही नाही. ह्यांची दर वर्षी सगळी तपासणी मी करून घेते. त्यांच्या गोळ्या, त्यांचं पथ्य, तारखा माझ्या तोंडपाठ. माझी गोळी मात्र आठवली तर. दिसतंय की व्यवस्थित, सुईत दोरा ओवता येतोय, मग डोळ्यांना काय धाड भरलीय!

डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. डोळा म्हणजे आतून भरलेला चेंडू. मागच्या बाजूला पातळ पडदा, तो रेटिना. आपल्याला दिसतं ते त्याच्यामुळे. आणि मधल्या पोकळीत काचेसारखा स्वच्छ, जेलीसारखा पदार्थ. तो सगळा मिळून साधारण चार मिलिलीटर, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही. फुलपात्रातल्या पाण्यात कुंकवाची चिमूट पडली तर सगळं पाणी रंगतं ना, तसंच तिथे होतं. थोडं रक्त मिसळलं तरी उजेड पडद्यापर्यंत पोचत नाही. रात्री आडवं झोपल्यावर ते रक्त आणखी पसरतं, म्हणून सकाळी अंधार जास्त वाटला.

आणि बाहेरून काही दिसत नाही, कारण रक्त असतं आत, मागे. उलट कधी खोकल्याने किंवा शिंकेने डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग पडतो, ते पाहून घरभर घाबरगुंडी उडते. पण तो नुसताच डाग असेल, डोळा दुखत नसेल, नजर ठीक असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. भीतीचं ते माझ्यासारखं, जे कुणाला दिसत नाही.

"पण पोतं उचलल्याने डोळ्यात रक्त कसं येईल?" ह्यांनी विचारलं.

श्वास रोखून जोर लावला की छातीतला आणि पोटातला दाब एकदम वाढतो. त्यामुळे डोक्याकडून हृदयाकडे येणारं रक्त क्षणभर तुंबतं आणि डोळ्यातल्या बारीक शिरांवर ताण येतो. शिर नाजूक असेल तर फुटते. सतराव्या-अठराव्या शतकात होऊन गेलेल्या अंतोनिओ वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव या जोर लावण्याला मिळालंय. अशा जोराने डोळ्याच्या पडद्यावर होणाऱ्या रक्तस्रावाचं वर्णन थॉमस ड्युएन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ साली केलं.

"म्हणजे त्या दिवशी मी पोतं उचललं नसतं तर हे झालं नसतं?" मी विचारलं. चार दिवस मनात तेच चाललं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "त्या दिवशी कदाचित झालं नसतं. पण कधीतरी झालंच असतं. शिंकेने झालं असतं. काही न करता झालं असतं. मधुमेहाच्या कितीतरी पेशंटना झोपेतच होतं. पोतं निमित्त. तुमच्या डोळ्यात आधीच कच्च्या शिरा उगवल्या होत्या."

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, काही बंद पडतात. उपाशी राहिलेला पडदा मग नव्या शिरांसाठी हाका मारतो. नव्या शिरा येतात, पण त्यांच्यात दम नसतो. जरा निमित्त झालं की फुटतात, कधी पडद्याला ओढून जागेवरून सोडवतात. हे सगळं चालू असताना माणसाला छान दिसत असतं. म्हणून तर ते कळत नाही.

बाकावरची पोरगी

बाहेर बाकावर माझ्याशेजारी एक कोवळी पोरगी बसली होती. तिला दिवस गेलेले, उलट्यांनी बेजार. अशाच एका जोराच्या उलटीनंतर तिला एका डोळ्यात नेमका मधोमध काळा गोळा दिसायला लागला होता. समोरच्याचे कान दिसायचे, चेहरा नाही. बिचारी रडून रडून अर्धी झाली होती.

तिला तपासून डॉक्टरांनी सांगितलं की तुझा पडदा चांगला आहे, फक्त जोराने एक बारीक शिर फुटलीय. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत रक्त जिरेल, बहुतेक पहिल्यासारखं दिसेल. साखर, रक्तदाब, रक्त तपासून घे आणि तारखेला दाखवायला ये. पोरीच्या जिवात जीव आला.

तिचाही जोर, माझाही जोर. पण तिचा पडदा धडधाकट होता, माझा अकरा वर्षं आतून पोखरलेला. हा फरक डोळ्याच्या आत पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता आला नसता. मध घालणाऱ्याला नाही, चष्मेवाल्याला नाही आणि मलाही नाही.

उजव्या डोळ्याची गोष्ट

खरा धक्का पुढेच होता. डॉक्टर म्हणाल्या, "मला तुमच्या उजव्या डोळ्याची जास्त घाई आहे." ज्या डोळ्याने मला सुईचं नाक दिसत होतं, त्या डोळ्यातही तशाच कच्च्या शिरा होत्या. फुटल्या नव्हत्या एवढंच.

त्याच दिवशी रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी असते, ती बहुतेकांनी सातच्या आसपास ठेवावी म्हणतात. माझी निघाली १०.२. रक्तदाबही वाढलेला. त्याच आठवड्यात उजव्या डोळ्याला लेझर सुरू झालं, तीन वेळा जावं लागलं. हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्यात हिरवे प्रकाशाचे फटाके फुटतात, कधी आत टोचल्यासारखं होतं. सहन होतं. लेझरने गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची असते. १९७६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसून आलं की अशा डोळ्यांची नजर फार खालावण्याचा धोका लेझरने निम्म्याहून जास्त कमी होतो. त्याची थोडी किंमतही असते. माझी कडेची आणि अंधारातली नजर जरा कमी झाली. संध्याकाळी जिना उतरताना मी आता कठडा धरते.

डाव्या डोळ्यासाठी आधी वाट पाहायची ठरली. उशाला दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपायचं, म्हणजे रक्त खाली बसतं. जड उचलायचं नाही, फार वाकायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही. डोळ्यात इंजेक्शनही दिलं. नाव ऐकूनच माझे हातपाय गार पडले होते. पण आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, कळायच्या आत होतं. तरी रक्त पुरतं जिरलं नाही. शेवटी जूनमध्ये ऑपरेशन झालं. डोळा बधिर करून, तीन बारीक छिद्रांतून ती रक्ताळलेली जेली काढली आणि आतूनच लेझर केलं. इंजेक्शनं, ऑपरेशन, येणंजाणं यात माझ्या चारपैकी दोन पाटल्या गेल्या. वर्षातून एकदा पडदा तपासायला काय लागलं असतं, हा हिशोब मी कितीदा तरी केला. करून काय उपयोग!

ऑगस्टमध्ये नात झाली. तिचा चेहरा मी आधी दोन्ही डोळ्यांनी पाहिला, मग उजवा झाकून पाहिला. दिसली. जरा धुरकट, पण दिसली. डाव्या डोळ्याने आज मी तक्त्याच्या मधल्या ओळीपर्यंत वाचते, त्याच्याखाली नाही. काळ्या कापडाचं काम रात्री घेत नाही. हातशिलाई कमी केली. पण मशीन चालू आहे.

हे एवढं लक्षात ठेवा

मैत्रिणींनो, माझ्यासारखे चार दिवस घालवू नका. आज हे वाचून झालं की एक करा. चष्मा लावत असाल तर लावा, एक डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकतो, घरातल्या थोरल्या बाईसारखा. म्हणून एकेक करून पाहायचं. पण ही तपासणी डॉक्टरांच्या तपासणीच्या जागी नाही, हे माझ्या उजव्या डोळ्यावरून लक्षात आलंच असेल.

अचानक काळे धागे, जाळी, काजळीचा पाऊस, विजेसारख्या चमका किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसलं, तर दुखो न दुखो, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. पडदा फाटला किंवा सुटला तरी हीच लक्षणं दिसतात आणि तिथे वेळ फार मोलाचा असतो. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर घाबरून आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

मधुमेह कळला त्याच वर्षी बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. पुढे वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तसा. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांनी दिवस राहिले की लगेच पडदा दाखवायचा, कारण त्या काळात हा त्रास झपाट्याने वाढू शकतो. तपासणीच्या दिवशी काही तास धूसर दिसतं, सोबत कुणीतरी न्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं नाही. तपासणी करताना "बाहुली मोठी करून मागचा पडदा बघणार ना?" असं विचारायला लाजू नका.

जड उचलावं लागलंच तर श्वास कोंडून उचलू नका, उचलताना श्वास सोडा. आणि ज्यांच्या डोळ्यात माझ्यासारख्या कच्च्या शिरा आहेत, त्यांनी जड ओझं, शीर्षासन असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

माझ्या सुनेने कालनिर्णयवर माझ्या तपासणीच्या तारखेभोवती लाल गोल करून ठेवलाय. गॅसची तारीख, दुधाचा हिशोब आणि आईंचे डोळे. मी आता ब्लाउजचं माप घेताना बायकांना हळूच विचारते, "साखर आहे का हो? पडदा तपासलात?" काही हसतात. "दिसतंय की व्यवस्थित," म्हणतात. मी पण तेच म्हणायचे. पण गेल्या वर्षी माझं ऐकून एक जण तपासून आली. तिच्या पडद्यावर नुकती कुठे सुरुवात निघाली. आता साखर आणि रक्तदाब सांभाळून, तारखेला तपासून भागेल, असं तिला सांगितलंय. तिचं एकही ठिपकाभर काळं दिसायच्या आत हे कळलं.

गहू आम्ही अजूनही भरतो. पोतं मुलगा खाली आणतो. तो येईपर्यंत मी थांबते, वळवाचे ढग आले तरी.